बुधवारी, चार वाजता

माझे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. घरातून निघताना पायात चप्पल सरकवता सरकवता ते "येतो गं" म्हणायचे. कधी येणार ते सांगायचे नाहीत. आपल्याकडे जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, ही नुसती बोलायची रीत आहे हे मला लहानपणी माहीत नव्हतं. मला वाटायचं, बाबांनी शब्द दिलाय. मग मी दुसऱ्या दिवसापासूनच वाट बघायला लागायची.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. आई भाताची शेती करायची. बाबा कधी आठवड्याने यायचे, कधी दोन महिन्यांनी. आले की घर भरून जायचं. जिथून माल भरला असेल तिथलं काहीतरी आणायचे, द्राक्षांची पेटी, चादरी, एकदा तर जिवंत कोंबड्या. दोन दिवस ते मला मांडीवरून उतरू द्यायचे नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत निघालेले असायचे; ते "येतो गं" मला अर्धवट झोपेत ऐकू यायचं.

मी सहावीत असताना ते एकदा गेले आणि आलेच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्याच ओळखीच्या एका ड्रायव्हरने आईला सांगितलं की त्यांनी सोलापूरकडे दुसरं घर केलंय. आई तेव्हा सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सगळे तांदूळ पाखडून होऊ दिले आणि मग म्हणाली, "येल तेवा येल." त्यावर ती पुन्हा कधी काही बोलली नाही. माझी मुलगी रांगायला लागली त्या वर्षी आई गेली.

हे सगळं मी कुणाला सांगत नव्हते. सांगायची गरजही वाटत नव्हती. लग्न चांगल्या माणसाशी झालं. आम्ही दोघांनी मिळून कर्जत रस्त्याला नर्सरी टाकली. आंब्याची कलमं, मोगरा, चाफा, आणि फार्महाऊसवाले मागतात ती परदेशी नावांची शोभेची झाडं. नवरा टेंपोतून झाडं पोचवायचा, मी नर्सरी सांभाळायची. मुलगी शाळेत होती तोवर सगळं बरं चाललं होतं.

मुलगी पुण्याला कॉलेजला गेली, होस्टेलवर राहायला लागली, आणि माझं काहीतरी बिघडलं. नवरा "तासाभरात येतो" म्हणून जायचा. तास उलटला की माझ्या हाताला घाम सुटायचा. मग छातीत धडधड, मग उलटी. मी काम टाकून रस्त्यावर जाऊन उभी राहायची आणि येणारा प्रत्येक टेंपो बघायची. मुलीने फोन उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लावायची, शेवटी तिच्या मैत्रिणीला लावायची. मुलगी चिडली. "आई, तू मला श्वास घेऊ देत नाहीस," म्हणाली. खरं तर श्वास मलाच घेता येत नव्हता.

कर्जतच्या डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, रक्त तपासलं. म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे तुमचं. आमच्या वरच्या मजल्यावर दर बुधवारी एक मॅडम बसतात. त्यांच्याशी बोलून बघा."

मला वाटलं, आणखी एक तपासणी असेल. वर गेले तर दोन खुर्च्या, एक खिडकी, पाण्याचा तांब्या आणि दोघींनाही दिसेल असं भिंतीवर घड्याळ. मॅडम साठीच्या आसपासच्या. सुती साडी, केस पांढरे, ते रंगवलेले नाहीत. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "आपण दर बुधवारी चार वाजता भेटू. पाचाला दहा मिनिटं असताना थांबू. मी यायची नसेन तर तुम्हाला आधी कळवीन, आणि मी स्वतः कळवीन. तुम्ही इथे जे बोलाल ते इथेच राहील. बाहेर कुठे आपण समोरासमोर आलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर दाखवीन."

"का बरं?" मी विचारलं.

"कोण आहेत या, असं कुणी तुम्हाला विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. मी नाही."

मला ते कोरडं वाटलं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, बाई हुशार आहे पण मायाळू नाही.

तरी मी जात राहिले. एसटीने जायची, कधी टमटमने. पहिले काही महिने मी काय बोलले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दार उघडं असायचं आणि त्या आत बसलेल्या असायच्या. मी लवकर पोचले तर बाहेरच्या बाकावर बसायची. बरोबर चारला त्या दारात यायच्या आणि "या" म्हणायच्या. एकदाही असं झालं नाही, की मी गेले आणि खोली रिकामी आहे. जिना चढताना मात्र दर वेळी माझी खात्री असायची, की आज नसणार.

बाबांची गोष्ट मी पहिल्यांदा त्या खोलीत सांगितली. सांगताना रडायला आलं, चांगलं हुंदके देऊन. आणि ऐन त्यातच मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आज आपली पाच मिनिटं उरली आहेत." मला धक्काच बसला. माणूस रडतंय आणि ही घड्याळ बघते. मी पदराने डोळे पुसले, उठले, जिना उतरले आणि ठरवलं, आता परत यायचं नाही.

पुढच्या बुधवारी मी चारच्या आधीच बाकावर जाऊन बसले होते.

त्या दिवशी मी त्यांना ते सांगितलं. राग आल्याचं. त्यांनी ना माफी मागितली, ना मला समजावलं. म्हणाल्या, "राग आला आणि तरी आलात. आणि आल्यावर सांगितलंतही." मग म्हणाल्या, "तुमच्या घरी बाबा कधी निघणार हे आधी कोण सांगायचं?"

"कोणी नाही. उठलो की गेलेले असायचे."

"म्हणून मी सांगते," त्या म्हणाल्या. "संपायच्या आधी."

यानंतर माझा ओढा बदलला. आता मला त्या हव्याशा वाटायला लागल्या. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिते. त्यांची गाडी आमच्याच रस्त्याने यायची-जायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. पांढरी, छोटी गाडी. मी फुललेल्या कुंड्या काढून रस्त्याच्या कडेला मांडायला लागले. नवरा म्हणायचा, "ऊन लागतंय तिकडं, आत घे." मी घ्यायची नाही. मनात असायचं, कधीतरी त्या थांबतील, गुलाब विचारतील, आणि मी म्हणेन, बसा ना, चहा टाकते. काय जेवतात, मुलं आहेत का, नवरा आहे का, मला काही माहीत नव्हतं. रात्रीच्या भाजीला त्या काय करत असतील असे विचार डोक्यात यायचे. त्यांच्या घरात मी भांडी लावतेय असं एकदा स्वप्नही पडलं.

गाडी जायची. कधीच थांबली नाही.

मग त्या मे महिन्यातली गोष्ट. बैठक संपवून मी कर्जतच्या स्टॉपवर उभी होते. एसटी आली नव्हती. टमटम भरून जात होत्या. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. पाऊण तास झाला असेल, आणि मॅडमची गाडी समोरून आली. गर्दीमुळे ती हळू झाली, अगदी माझ्यापुढे आली. काच वर होती. आमची नजरानजर झाली. मी हात किंचित वर केला. त्यांनी मान हलवली, ओळखीची. आणि गाडी पुढे गेली. ज्या रस्त्याला माझी नर्सरी आहे त्याच रस्त्याला.

मला आठवतं, मी तिथेच पदपथावर खाली बसले. शेजारी एक फळवाली होती. तिने विचारलं, "बाय, चक्कर आली का गं?" मी म्हटलं, नाही. मला सहावीतल्यासारखं वाटत होतं, तसंच्या तसं.

तो आठवडा मी भांडण रचण्यात घालवला. बुधवारी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "तुम्ही मला बघितलंत."

"बघितलं," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत आहे मी कुठे राहते. वाटेवरच आहे."

"माहीत आहे."

"मग? कुत्र्यालाही माणूस सावलीला घेतो."

त्यांचाही चेहरा उतरला होता, ते मला दिसलं. म्हणाल्या, "गाडी थांबवावी असं माझ्या मनात आलं होतं. तुम्हाला चक्कर आली असती, काही लागलं असतं, तर मी थांबलेच असते. पण तुम्ही एसटीची वाट बघत होतात. मी तुम्हाला गाडीत घेतलं असतं तर आज तुम्ही माझ्याशी असं भांडला असता का?"

मी म्हटलं, "भांडायची वेळच आली नसती."

"तेच म्हणते मी. मग तुम्ही आभार मानले असते. पुढच्या वेळी रडताना विचार केला असता, की बाई चांगली आहे, तिला कशाला त्रास. आणि मी रोज काही त्या वेळेला तिथून जाणार नाही. एखाद्या दिवशी मी थांबेन, एखाद्या दिवशी नाही. तुम्ही पुन्हा रस्त्याकडे बघत बसाल. जे मी दर वेळी देऊ शकत नाही ते मला एकदाही द्यायचं नाही. इथला हा वेळ मी दर वेळी देऊ शकते."

"पण मला तेच हवंय," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या घरी यावं. चहा घ्यावा. माझ्या मुलीला बघावं."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ते मागणं खोटं नाही. त्याची लाज वाटायला नको. पण ते मी देणार नाही."

कुणी मला 'देणार नाही' असं सरळ तोंडावर म्हणायची ती पहिली वेळ. बाबांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. जे मागितलं त्याला ते हो म्हणायचे. सायकल आणतो, जत्रेला नेतो, मुंबई दाखवतो. मी त्या दिवशी घरी आले आणि कुंड्या रस्त्याच्या कडेवरून उचलून सावलीत घेतल्या. निम्म्या नवऱ्यानेच उचलल्या.

एकदा त्या आल्याही नाहीत. सकाळीच फोन आला, त्यांचाच. "आज मी येऊ शकणार नाही. पुढच्या बुधवारी चारला आहे." आवाज बसलेला होता. तो आठवडा मला जड गेला, पण उलटी झाली नाही. पुढच्या वेळी मी विचारलं, काय झालं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या घरची गोष्ट आहे. ती मी इथे आणणार नाही. तुमचा आठवडा कसा गेला ते मला ऐकायचंय." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटत होतं, निदान पाणी तरी भरून द्यावं. मी माझा आठवडा सांगितला.

अशी दोन वर्षं होत आली होती आणि एका दुपारी काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गावातच असतात. म्हणाले, "तुझा बाप आलाय गं."

सोलापूरकडची बाई वारली होती. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावा हात चालत नव्हता. तिथलं कुणी सांभाळायला नव्हतं, म्हणून कुणीतरी त्यांना काकांच्या दारात आणून सोडलं होतं. काका म्हणाले, "तुझाच हाय. आज ना उद्या तुलाच बघावं लागनार."

त्या बुधवारी मी मॅडमना म्हणाले, "तुम्ही चला माझ्याबरोबर. दाराबाहेर उभ्या राहा नुसत्या. मी आत जाईन, तुम्ही आहात एवढं कळलं तरी पुरे."

"मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी जाताय?"

"रविवारी."

"मग बुधवारी चारला मी इथे आहे."

मी विचारलं, "त्यांना घरी आणू का? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते." त्यांनी तेही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, रोज किती करणं तुम्हाला झेपेल, जे पुढच्या वर्षीही झेपेल? मी पुढची चाळीस मिनिटं त्याचाच विचार केला, मोठ्याने.

रविवारी नवऱ्याने मला टेंपोतून गावात नेलं आणि तो पिंपळाखाली थांबला. बाबा काकांच्या ओसरीवर खाटेवर बसले होते. माझ्या डोक्यात दणकट, काळ्या मिशांचा माणूस होता. हा म्हातारा कुणीतरी वेगळाच. त्यांनी मान वर केली.

"कोन?"

"मी हाय, बाबा."

ते बघत राहिले. मग उजव्या हाताने खाटेवरची घडी केलेली चादर बाजूला सारली, मला जागा केली. मी बसले. आम्ही दोघेही अंगणाकडे बघत होतो.

"मोठी झालीस गं," ते म्हणाले. माझे केस तेव्हा पिकायला लागले होते.

मी विचारलं. इतकी वर्षं जे विचारायचं होतं तेच विचारलं. "का आला नाहीत?"

त्यांनी चालत नसलेला हात दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "रोज निघायचो मनातून," म्हणाले. "मंग ऱ्हायलं." यापेक्षा जास्त उत्तर मला मिळालं नाही, आणि नंतरही कधी मिळालं नाही.

मी उठले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "रोज येशील ना आता?"

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. अगदी ओठावर. त्यांना उचलून टेंपोत घालावं आणि घरी न्यावं, मांडीवर डोकं ठेवून झोपावं, असंही वाटत होतं. मी म्हटलं, "रोज नाय. दर रविवारी येईन. अकरा वाजता येईन, एक वाजता जाईन. यायला जमनार नसेल तर आदल्या दिवशी काकाला फोन करीन."

ते हसले. तोंड एका बाजूला गेलं. "कचेरीवानी?"

"हो," मी म्हटलं.

काकूला ते आवडलं नाही. पोरीने बापाला वेळ द्यायची काय, असं ती शेजारी बोलली, ते मला कळलं. औषधांचं आणि डॉक्टरचं मी माझ्याकडे घेतलं, बाकी काका-काकू बघतात. मी दर रविवारी जाते. त्यांची नखं कापते, दाढी करते, जेवण भरवते. मुलगी एकदा सुट्टीला घरी आली आणि तिला ताप भरला म्हणून गेले नाही, तेव्हा शनिवारीच फोन केला. काकू आता सांगते, की रविवारी ते सकाळपासून धुतलेला सदरा घालून बसतात आणि कुणाला मध्ये उभं राहू देत नाहीत, रस्ता दिसला पाहिजे म्हणून. हे ऐकलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. मला आई आठवली.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी मॅडम म्हणाल्या, "गुढीपाडव्यापर्यंत मी इथे येणार आहे. त्यानंतर माझं कर्जतला येणं बंद होईल. तुम्हाला हे आत्ताच सांगतेय, कारण आपल्याला यावर बोलायला वेळ हवा." आणि आम्ही खरोखरच तीन-चार महिने त्यावरच बोललो. मी रागावले, मी विनवण्या केल्या, फोनवर बोलू का विचारलं. त्यांनी पुण्याच्या आणि पनवेलच्या दोन बायांची नावं दिली, हवं तर जा म्हणाल्या. मी गेले नाही.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "मी तुम्हाला आठवेन का?"

"हो," त्या म्हणाल्या. एवढंच. पण डोळे भरून आले होते त्यांचे, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मी नमस्कार करायला वाकले तर त्यांनी मला अडवलं नाही. मग पाचाला दहा कमी झाले.

मला त्यांची आठवण येते. आईची येते तशी नाही. आई माझी होती. या बाई माझ्या कधीच नव्हत्या, आणि तरी त्यांच्याएवढं वेळेवर माझ्या आयुष्यात कुणी आलेलं नाही. त्या कुठे राहतात हे मला अजून माहीत नाही. शोधायचं ठरवलं असतं तर सापडलं असतं. मी शोधलं नाही, पण शोधावंसं वाटत नाही असं मात्र नाही.

गेल्या महिन्यातला एक रविवार सांगते. मी बाबांची दाढी करत होते. त्यांनी अचानक विचारलं, "तुझी आय वाट बघायची का गं?" इतक्या दिवसांत त्यांनी आईचं नाव काढलं नव्हतं.

"बघायची," मी म्हटलं.

"कुठल्या अंगाला? वरच्या रस्त्याला का खालच्या?"

"दोनी."

त्यांच्या गालावर साबण होता. मी वस्तरा पाण्यात बुडवला आणि थांबले. ते हुंदका न देता रडत होते, नुसतं पाणी येत होतं, साबणातून खाली. मी ते वाहू दिलं. मग उरलेली दाढी केली, तोंड पुसलं. एक वाजत आला होता. मी म्हटलं, "बाबा, अजून थोडा वेळ हाय. मग मी निघनार." त्यांनी मान हलवली.

नवरा पिंपळाखाली टेंपोत बसला होता. मी चढले, दार लावलं. हे आता कुठल्या बुधवारी नेऊन ठेवायचं, असं मनात आलं. त्याने चावी फिरवली होती. मी म्हटलं, "थांबा जरा. बाबांनी आज आईचं विचारलं."

त्याने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळून बसला.